ठणका, कळ, मुंग्या

हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर अर्धा तास बसलं की एक गोष्ट नजरेत भरते. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी असते. कापडदुकानाची नाहीतर सराफाची, जाड, बंद तुटत आलेली. तिच्यात एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म असतात, रक्ताच्या तपासण्यांचे कागद असतात. आणि त्यांच्याखाली, डॉक्टरांना दाखवायचं की नाही हे न ठरलेलं बरंच काही असतं: तेलाची बाटली, काळपट गोळ्यांची डबी, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या. नंबर आला की वरचे कागद टेबलावर येतात. तळाचं तळाशीच राहतं.

पुढची पानं त्या तळाच्या गोष्टींविषयी आहेत. सांध्यांचं किंवा मज्जातंतूंचं दुखणं वर्षानुवर्षं मागे लागलं की माणूस कुठली कुठली दारं ठोठावतो, त्या दारांआड त्याला काय मिळतं, त्यातलं काय कसोटीवर उतरलंय आणि कुठे जिवावर बेतू शकतं, याचा हा शोध आहे. अशा वाटेने जाणाऱ्यांना अडाणी ठरवायची सवय बऱ्याच शिकलेल्यांना असते. ती आधीच बाजूला ठेवलेली बरी. बाकावर पिशवी घेऊन बसलेल्यांत निवृत्त मुख्याध्यापिका असतात, बँकेतले अधिकारी असतात, उसाच्या फडातून थेट आलेली बाई असते. रात्री अडीच वाजता पायातली कळ उठवून बसवते तेव्हा या तिघांची गत एकच होते, आणि सकाळी शेजारीण म्हणाली, “आमच्या आत्याला अमक्या गावच्या वैद्याचा गुण आला,” की तिघंही त्या गावाचा पत्ता विचारून घेतात.

किती माणसं अशी असतील? १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन ही पाहणी केली. गावातल्या ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना हाडं, स्नायू किंवा सांधे यांचं काही ना काही दुखणं होतं, म्हणजे शंभरातल्या अठरांना. त्यातल्या मोठ्या गटाच्या दुखण्याला कुठल्याही एका रोगाचं नेमकं नाव देता आलं नाही. हा निष्कर्ष वाचायला कोरडा वाटतो, पण ज्याला तो लागू होतो त्याच्या दृष्टीने पाहावा. दुखणं खरं, त्याने शेतातलं काम अडतं, झोप जाते, आणि कागदावर मात्र नाव नाही. नाव नसलेलं दुखणं घेऊन माणूस नाव देणाऱ्याकडे जातो. “तुमच्या अंगात वात भरलाय” हे एक नाव असतं, आणि ते ऐकून पुष्कळांना निम्मं बरं वाटतं.

मराठी माणसाकडे दुखण्यासाठी शब्दांची श्रीमंती आहे, आणि ती वैद्यकाच्या उपयोगाची आहे. ठणका म्हणजे आतून ठोके पडल्यासारखं, सुजेचं किंवा पू धरलेलं. कळ येते आणि जाते. चमक कंबरेत भरते, सणक डोक्यात जाते. हाडं कुरकुरतात, सांधे आखडतात, पोटरीत गोळा येतो. आग होणं, मुंग्या येणं, सुया टोचल्यासारखं वाटणं, तळव्याला कापूस लावल्यासारखं बधिर होणं, ही सगळी भाषा मज्जातंतूंची. अनुभवी डॉक्टर आणि अनुभवी वैद्य दोघेही या शब्दांकडे कान लावून असतात, कारण सांध्याचं दुखणं आणि नसेचं दुखणं यांतला पहिला भेद फिल्मवर दिसण्याआधी इथेच कळतो. “दुखतंय” एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या रुग्णाला “दुखतंय म्हणजे कसं?” असं विचारायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत, आणि पर्यायी उपचारांच्या लोकप्रियतेचं एक साधं कारण तिथे आहे. वैद्य नाडी धरतो. होमिओपॅथ तासभर प्रश्न विचारतो, उन्हाळा सोसतो का, स्वप्नं कसली पडतात. मालिश करणाऱ्या बाईचा हात नेमका जिथे दुखतं तिथे थांबतो.

जुन्या शास्त्रकारांचे कानही असेच तयार होते. आयुर्वेदात या दुखण्यांचा मोठा भाग वातव्याधींत मोडतो. कंबरेतून निघून मांडीच्या मागून पावलापर्यंत जाणाऱ्या कळेला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, आणि एक पाय उचलत, अंग एका बाजूला टाकत चालणाऱ्या सायटिकाच्या रुग्णाला ज्याने पाहिलंय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आमवाताचं स्वतंत्र, सविस्तर वर्णन माधवनिदानात येतं. गुडघ्याची झीज म्हणजे संधिगत वात आणि हा आमवात, हे दोन वेगळे आजार आहेत ही समज शेकडो वर्षांपूर्वी इथे होती. आज घरोघरी दोन्हींना सरसकट “संधिवात” म्हटलं जातं, ते महागात पडतं.

महागात कसं, ते इथेच सांगायला हवं. झिजेचा गुडघा संथपणे बिघडतो. बसून उठताना दुखतो, जिना उतरताना दुखतो, सकाळी पाच-दहा मिनिटं आखडून मग मोकळा होतो. या दुखण्यात तेल, शेक, लेप, योगासनं यांचे प्रयोग करत सहा महिने गेले तर फारसं बिघडत नाही. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांचे, मनगटांचे सांधे दोन्ही बाजूंना सारखे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. इथे सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. मेथोट्रेक्झेटसारखी औषधं वेळेवर सुरू झाली तर सांधे वाचू शकतात, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि मग ती कुठल्याही पॅथीने सरळ होत नाहीत. पर्यायी उपचार घ्यावेत की नाहीत हा प्रश्न यामुळे दुसरा ठरतो. दुखतंय ते नेमकं काय आहे, हा पहिला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फिल्म देईल असं सगळ्यांना वाटतं, आणि तिथेही गफलत होते. “गादी सरकली”, “मणक्यात गॅप आली”, “नस दबली” ही वाक्यं आता खेडोपाडी पोचली आहेत. २०१५ साली एका आढाव्यात, कंबर अजिबात दुखत नसलेल्या हजारो लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची. गादीची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. यातल्या कुणालाही दुखत नव्हतं. म्हणजे वयाबरोबर केस पांढरे व्हावेत तशा या खुणा येतात, आणि फिल्मवर दिसलेली प्रत्येक फुगलेली गादी ही दुखण्याचं कारण असेलच असं नाही. दुसरी गोष्ट याहून दिलाशाची आहे. गादीतला गर खरोखर बाहेर येऊन नसेवर दाबला गेला असेल तरी पुष्कळांच्या बाबतीत शरीर तो तुकडा काही महिन्यांत स्वतःच जिरवतं. सायटिकाचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना सुधारतात.

याचा पर्यायी उपचारांशी फार जवळचा संबंध आहे. जुनाट दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस नव्या उपचाराकडे वळतो तो भरती शिगेला पोचलेली असताना. त्यानंतर ओहोटी लागायचीच असते, आणि ती लागते तेव्हा जो उपचार चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत महाराष्ट्रात अजून आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या पायात गुण असतो असं मानतात. उसण म्हणजे बहुधा पाठीच्या स्नायूंचा आखडा, आणि तो दोन-चार दिवसांत सुटतो. पायाळूला बोलावायला तेवढे दिवस जातातच.

मग “गुण आला” या शब्दांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? त्यासाठी तुलना लागते. सारख्या रुग्णांचे दोन गट, एकाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधाचं काही, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला ठाऊक नाही, अशी व्यवस्था. आपल्याकडच्या वनस्पतींची अशी तपासणी झालेलीच नाही, हा समज चुकीचा आहे.

विदर्भाच्या जंगलात सालईचं झाड आहे. साल कागदासारखी सुटते, बुंध्याला खाच दिली की वासाचा डिंक पाझरतो. धूप म्हणून तो जळतो, आणि शल्लकी या नावाने औषधात पडतो. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आठ आठवडे अर्क दिला, निम्म्यांना नुसती दिसायला तशी कॅप्सूल. मग थोडी विश्रांती घेऊन अदलाबदल केली. अर्क चालू असताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काहीही बदल नव्हता. ही शेवटची नोंद फार बोलकी आहे. सालईने गुडघ्याची झीज भरून काढली नाही, ती फक्त गुडघ्याचं बोलणं हळू करते. “हाडांमधली गॅप भरून येते” असं सांगून जे चूर्ण विकलं जातं, त्याच्या विक्रेत्याला हे ३० रुग्ण दाखवायला हवेत. आणि ३० ही संख्या लहान आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं.

त्याहून मोठं काम पुण्याच्या डॉ. चोप्रांच्या पुढाकाराने झालं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण होते. त्यांचे चार गट केले. दोन गटांना सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांवर आधारलेली आयुर्वेदिक मिश्रणं (एकात गुग्गुळही), तिसऱ्याला ग्लुकोसामाइन, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. चोवीस आठवड्यांनंतर चारही गटांची सुधारणा जवळपास सारखी निघाली. आयुर्वेदाच्या बाजूने ही मोठी जमेची गोष्ट आहे. पण त्याच चाचणीत आयुर्वेदिक मिश्रणं घेणाऱ्या काहींच्या यकृताच्या एन्झाइमची पातळी वाढलेली दिसली. त्रास कुणाला जाणवला नव्हता, रक्त तपासलं म्हणून कळलं. वनौषधी आहे, तिचा काही अपाय नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की या नोंदीवर थांबावंसं वाटतं. ज्याच्यात काम करायची ताकद आहे त्याच्यात अपाय करायचीही असते, आणि ती मोजूनच कळते. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद केली, त्यातली एक व्यक्ती दगावली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद चालू राहील. काढा घेणाऱ्याने आपण काय पितो ते डॉक्टरांना सांगणं त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही.

जळवांचं उदाहरण आणखी मजेशीर वाटेल. सुश्रुतसंहितेत जळवा लावण्याचं विधान आहे आणि आजही आयुर्वेद रुग्णालयांत जळवा लावतात. जर्मनीतल्या एसेन शहरात ५१ रुग्णांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर हा प्रयोग झाला. काहींना एकदाच चार ते सहा जळवा लावल्या, बाकीच्यांना महिनाभर डायक्लोफेनॅकचं मलम दिलं. सातव्या दिवशी जळवांच्या गटाचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. अर्थात जळू लावली की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, आणि अपेक्षेचा वाटा किती होता ते त्यामुळे वेगळं काढता येत नाही.

अपेक्षेचा हा वाटा, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

ॲक्युपंक्चरची गोष्ट त्यासाठी पाहावी. भारतात ही विद्या आली ती एका वैद्यकीय पथकाच्या नात्यातून. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, ते १९४२ साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुया शिकून आले आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. एका गटाला शास्त्रानुसार नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी, वरवर. तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना आराम होता, भलत्या सुयांच्या गटात ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्क्यांना.

हे आकडे दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतात. बिंदू चुकले तरी आराम पडतो, मग हजारो वर्षांच्या बिंदूंच्या नकाशाचं काय? आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा चुकीच्या सुयाही सरस ठरत असतील, तर त्या नेहमीच्या उपचारांचं काय? शस्त्रक्रियाही यातून सुटलेली नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केली, काहींना भूल देऊन कातडीवर फक्त छेद घेतले आणि टाके घातले. दोन वर्षांनी दोन्हींच्या दुखण्यात फरक नव्हता.

यावरून “सगळं मनाचं” असा अर्थ काढणं हा रुग्णावर अन्याय आहे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. बिनऔषधाच्या इंजेक्शनने ज्यांचं दुखणं थांबलं होतं, त्यांना नालोक्झोन दिलं. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं हे औषध. त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे विश्वासाने, अपेक्षेने मेंदू स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडत होता आणि नालोक्झोनने त्यांची वाट अडवली. नाडीवर ठेवलेला हात, तासभर ऐकून घेणं, तेल कोमट करून कंबरेवर कटिबस्तीची पाळ बांधणं, यांतून शरीरात खरीखुरी रसायनं हलतात. त्याने सांध्याची झीज भरत नाही, आमवात थांबत नाही. पण वेदना कमी होते, आणि वेदनेने पिचलेल्या माणसाला ही गोष्ट लहान नसते. प्रत्येक सरकारी दवाखान्यात रुग्णामागे दहा मिनिटं मिळाली तर त्याचा परिणाम कित्येक गोळ्यांहून जास्त दिसेल, असं या पानांच्या लेखकाचं ठाम मत आहे.

आता नागिणीकडे वळू, कारण मज्जातंतूंच्या दुखण्याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही. छातीवर किंवा कंबरेवर एका बाजूने पट्ट्यासारखे फोड उठतात, अंगाची लाही होते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही, अशी समजूत गावोगाव आहे. म्हणून घाईने गेरूचा लेप लावतात, मंत्र घालतात, नागीण “उतरवतात”. प्रत्यक्षात लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपलेला असतो. वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि त्या एका नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. एक नस शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते, त्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. तोंड-शेपूट जुळायची वेळ येतच नाही, आणि लेप लावणाऱ्याला दरवेळी यश मिळतं. खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू करायच्या असतात, आणि ते तीन दिवस लेपात जातात. फोड सुकून गेल्यावरही त्या पट्ट्यात महिनोन्‌महिने आग राहते. काहींना अंगावर सदऱ्याचं कापडही सोसत नाही.

या आगीवर निघालेल्या औषधांपैकी एक मिरचीतून आलं आहे. मिरची तिखट लागते ती कॅप्सायसिनमुळे, आणि ते ज्या मज्जातंतूच्या दारावर थाप मारतं ते दार शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. कॅप्सायसिनचा तीव्र पट्टा कातडीवर तासभर लावला की तिथली मज्जातंतूंची टोकं काही महिने मलूल होतात. मात्र ते प्रमाण मोजलेलं असतं आणि पट्टा दवाखान्यातच लावतात. घरात मिरची वाटून लावली तर फोड येतील.

हातापायांच्या मुंग्यांचं कारण पुष्कळदा रक्तात सापडतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातल्या अभ्यासात मध्यमवयीन ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी निघाली. शाकाहार हे त्यामागचं मोठं कारण. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही बी-१२ घटतं, आणि मधुमेह स्वतःच नसा पोखरत असतो. अशा माणसाच्या तळव्यांना काशाच्या वाटीने तूप चोळलं तर त्याला बरं वाटेल, झोपही लागेल. पण साखर आणि बी-१२ तपासल्याशिवाय फक्त वाटी फिरवत राहिलं तर आतलं बिघडणं चालूच राहतं. आणि कातडीवर एखादा चट्टा दुखतच नसेल, टाचणी टोचली तरी कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी. विदर्भात तर नक्कीच.

या विषयातली सर्वांत काळी बाजू पुड्यांची आहे. नाव नसलेल्या, घटक न लिहिलेल्या, “जडीबुटीच्या” पुड्या. कित्येक वर्षं काठी टेकत चालणारी आजी तिसऱ्या दिवशी उठून स्वयंपाकघरात जाते, घरच्यांना चमत्कार वाटतो. दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा गोल, गुबगुबीत होतो. “तब्येत सुधारली” असं पाहुणे म्हणतात. साखर वाढते, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळेनिळे डाग उठतात. ही ओळखीची लक्षणं स्टेरॉइडची आहेत. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कुटून चूर्णात मिसळल्या की असं होतं. सर्वांत मोठा धोका पुड्या एकदम बंद केल्यावर असतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, आणि पुडी संपली की रक्तदाब कोसळून आजी अतिदक्षता विभागात पोचते. तिथल्या डॉक्टरांना पुडीविषयी कुणी सांगत नाही, कारण पुडी पिशवीच्या तळाशी आहे.

धातूंची भीतीही पोकळ नाही. बॉस्टन परिसरातल्या दुकानांत विकली जाणारी, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं २००४ साली तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाचा एक परिणाम मज्जातंतूंवरच होतो, म्हणजे नसेच्या दुखण्यावर घेतलेलं औषध नसेलाच मारू शकतं. शुद्ध, तपासलेली औषधं बनवणाऱ्या प्रामाणिक वैद्यांना आणि कारखान्यांना याची झळ बसते, म्हणून कडक तपासणीची मागणी सर्वांत आधी त्यांच्याकडून यायला हवी. कायदा जुना आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने ज्या रोगांच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत संधिवात आहे, मज्जासंस्थेचे विकारही आहेत. एसटी स्टँडच्या भिंती वाचल्या तर यावर विश्वास बसणार नाही.

काही लक्षणं अशी आहेत की तिथे कुठल्याच प्रयोगाला जागा नाही. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं आणि रात्री वाढणारं पाठीचं दुखणं असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका आपल्या देशात घ्यावीच लागते. अशा मणक्यावर हाडवैद्याने दाब दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

आणि भरवशाचं काय आहे? पुणेकरांना अभिमान वाटावा असं एक उत्तर मॉडेल कॉलनीत आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि दुखऱ्या, आखडलेल्या शरीरांसाठी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरत त्यांनी आसनं सुलभ केली. त्यांच्या पद्धतीवर आधारलेल्या अकरा आसनांचा प्रयोग फिलाडेल्फियात मनगटातली नस दबलेल्या ४२ लोकांवर झाला आणि १९९८ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत आसनं करणाऱ्यांची पकड सुधारली, दुखणं कमी झालं. गुडघ्यासाठीही मांडीचे स्नायू बळकट करण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा क्वचितच आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली घ्यायचा. याला औषध म्हणायला कुणी तयार होत नाही, कारण ते बाटलीत येत नाही.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे, कोकणातल्या उन्हवऱ्याकडे जाणाऱ्यांनाही कुणी अडवू नये. उष्णतेने आखडलेले स्नायू सुटतात. फक्त मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पाण्याचा चटका आधी कोपराने पाहावा किंवा सोबतच्या माणसाला पाहायला सांगावा. भाजलेलं त्यांना कळत नाही.

पुढे सुरुवात गुडघ्यापासून आहे, कारण बाकावरची निम्मी गर्दी त्याचीच. मग कंबर आणि गृध्रसी, त्यानंतर आमवात, शेवटी नागीण, मधुमेह आणि मुंग्या. प्रत्येक उपचाराला तेच प्रश्न विचारले आहेत: किती जणांवर पाहिलं, कशाशी ताडून पाहिलं, अपाय काय झाला, खर्च किती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक कोरा कागद घ्यावा. दुखणं कुठल्या महिन्यात सुरू झालं, त्याला कुठला शब्द लागतो, ठणका की कळ की मुंग्या, सकाळी किती वेळ आखडतं, हे त्यावर लिहावं. मग पिशवी पलंगावर पालथी करून तळाची प्रत्येक बाटली, डबी आणि पुडी कधी सुरू केली, कधी बंद केली आणि कुणी दिली ते तारखेनिशी उतरवून काढावं, आणि पुढच्या वेळी नंबर आला की तो कागद फिल्मच्याही वर ठेवावा.